शाळेसमोर पोलीस मागण्याआधी रस्ता ओलांडण्याची जागा ठरवा

आपण विचारलेला प्रश्न मी समजलो तो असा. आपल्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचे फाटक थेट मुख्य रस्त्यावर उघडते. पलीकडच्या गल्ल्यांतून सत्तर-ऐंशी मुले रोज हा रस्ता ओलांडून येतात. शाळा सुधारणा समितीने पोलीस ठाण्यात दोन निवेदने देऊन गतिरोधक आणि सकाळ-संध्याकाळ एक रहदारी पोलीस मागितला, पण वर्ष होत आले तरी काहीच हललेले नाही. आता कोणाकडे जावे, असे आपण विचारता.

बेळगाव जिल्ह्यात मी रस्त्यांच्या कामांवर अभियंता म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या शाळांना अशी निवेदने तयार करून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला असल्यामुळे आपल्या निवेदनाचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो. गतिरोधक बांधणे पोलिसांच्या हातात नसते आणि पोलीस नेमणे अभियंत्याच्या हातात नसते. दोन खात्यांची कामे एकाच कागदावर मागितली की तो कागद ‘संबंधित खात्याकडे वर्ग’ असा शेरा घेऊन फिरत राहतो आणि कोणालाच तो आपला वाटत नाही. शिवाय पोलीस ही मागणी सर्वांत शेवटी करायची असते. मुले रस्ता ओलांडतात ती जागा आधी एक आणि पक्की झाली पाहिजे. फाटकासमोरच्या शंभर मीटरांत मुले वाटेल तिथून पळत असतील, तर आयुक्त स्वतः येऊन उभे राहिले तरी उपयोग व्हायचा नाही.

पहिले काम म्हणजे रस्ता कोणाचा आहे हे शोधणे. आपण रस्त्याचे नाव दिलेले नाही, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावर अवलंबून राहील. जवळचा किलोमीटरचा दगड पाहावा. त्याचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आहे. आपल्याकडे पुणे-बेंगळूर ४८ क्रमांकाचा आणि बेळगाव-खानापूर-गोवा ७४८ क्रमांकाचा. माथा हिरवा असेल तर राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खाते. काळा असेल तर बहुधा जिल्हा मार्ग, आणि तो मुख्य जिल्हा मार्ग असेल तर तोही बांधकाम खात्याकडेच असतो. केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. ग्रामीण रस्त्यासाठी जिल्हा पंचायतीचा अभियांत्रिकी विभाग आणि ग्राम पंचायत यांच्याकडे विचारणा करावी. दगडावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये, कारण रस्त्याचा दर्जा वाढवून वर्षे लोटली तरी जुना दगड तसाच उभा राहिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन एकदा तोंडी खात्री करून घेणे बरे. शहरातील शाळांसाठी हे कोडे आणखी वेगळे असते. कॅम्पातील रस्ते छावणी मंडळाच्या अखत्यारीत येतात, पुढच्याच वळणावर महानगरपालिकेची हद्द लागते आणि एकाच शाळेची दोन फाटके दोन हद्दींत असू शकतात. पोलिसांचेही तसेच आहे. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाकडे असते आणि आपल्यासारखी गावे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असतात, त्यामुळे शहरातील रहदारी पोलीस ठाण्याला दिलेला गावचा अर्ज तेथे नुसता पडून राहतो.

दुसरे काम मोजणीचे आहे आणि त्यावर मी सर्वांत अधिक वेळ घालवतो. ‘वाहने भरधाव जातात’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी शाळेच्या दोन्ही बाजूंना रस्त्याच्या कडेला चुन्याने दोन खुणा कराव्यात, खुणांमधील अंतर टेपने मोजून बरोबर ५० मीटर ठेवावे आणि मोबाइलमधील घड्याळ हातात घेऊन एकाने कडेला बसावे. पुढचे चाक पहिल्या खुणेवर आले की घड्याळ सुरू करायचे आणि दुसऱ्या खुणेवर आले की बंद करायचे. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ६० किलोमीटर, सहा सेकंद लागले तर ३०. शाळा भरताना आणि सुटताना प्रत्येकी अर्धा तास, असे दोन दिवस केले की शंभरएक वाहनांची नोंद सहज होते. त्यांपैकी किती वाहनांना चार सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, म्हणजे ताशी ४५ पेक्षा अधिक वेग होता, एवढे एका ओळीत लिहिले की समोरच्या अभियंत्याला पाहणीला यावेच लागते, कारण आता त्याला खोडून काढायचे असेल तर स्वतः मोजावे लागेल.

त्याच दोन दिवसांत किती मुले कोणत्या बाजूने कोणत्या जागी ओलांडतात, त्यांच्यासोबत मोठे माणूस असते की नाही आणि करकचून ब्रेक लावावा लागला असे प्रसंग किती आले, हेही लिहून ठेवावे. या शेवटच्या रकान्याला मी फार महत्त्व देतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीचे पाच अपघात झाले, अथवा दहा मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण जागा, ठरते. ‘तुमच्या जागेची तशी नोंद नाही’ असे उत्तर मिळते ते या व्याख्येमुळे. ते उत्तर खोटे नसते, पण त्याचा अर्थ आधी एवढे अपघात होऊ द्यायचे असा होतो, हे बैठकीत शांतपणे बोलून दाखवावे आणि अपघात थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची आपली यादी तारीख-वेळेसह पुढे ठेवावी. शनिवारची मोजणी विसरू नये. त्या दिवशी सकाळची शाळा असते, वेळ बदलते आणि सोमवार ते शुक्रवारच्या वेळेनुसार केलेला बंदोबस्त शनिवारी हमखास गैरहजर असतो.

आता ओलांडण्याची जागा. दुपदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद असतो आणि पहिली-दुसरीतील मुले दप्तर घेऊन घोळक्याने चालली की सेकंदाला एक मीटर एवढाच वेग मी धरतो. म्हणजे ओलांडायला सात सेकंद. तेवढ्यात ताशी ६० ने येणारी गाडी सुमारे ११५ मीटर पुढे येते. मुलाने पहिले पाऊल टाकताना एवढ्या अंतरावरची गाडी त्याला दिसली पाहिजे, आणि चालकालाही मूल दिसले पाहिजे. रस्त्याच्या आराखड्यांत ताशी ६० वेगाला थांबण्यासाठी ८० मीटर दृष्टिअंतर धरतात. ३० वेगाला तेच ३० मीटर पुरते. म्हणून जागा ठरवताना मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो. माझ्या उंचीवरून जे वळण स्वच्छ दिसते, ते दुसरीतील मुलाच्या उंचीवरून घाणेरीच्या झुडपामागे, फलकाच्या खांबामागे किंवा उभ्या केलेल्या दुचाकींमागे गेलेले असते. एका शाळेपाशी तर अडथळा फक्त पंचायतीच्या कचऱ्याच्या डब्याचा होता. तो दहा मीटर मागे सरकवला आणि अर्धे काम झाले.

बसथांब्याकडेही याच नजरेने पाहावे. परिवहनची बस झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबत असेल, तर उतरलेले मूल बसच्या तोंडासमोरून रस्त्यावर येते आणि मागून बसला ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ते अगदी शेवटच्या क्षणी दिसते. बस पट्टे ओलांडून पुढे पंधरा-वीस मीटरांवर थांबली की मुले बसच्या मागच्या बाजूने, मोकळ्या नजरेत ओलांडतात. यासाठी खर्च काहीच नाही. आगार व्यवस्थापकांना मुख्याध्यापकांचे एक पत्र आणि थांब्याच्या नव्या जागी एक फलक पुरेसा असतो. मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांनी फाटकाच्या दोन्ही अंगांना पंचवीस मीटर दुचाकी उभी करायची नाही, हा ठरावही समितीने करून टाकावा. हा ठराव सर्वांत अवघड जातो, कारण यात खाते कोणतेच नसते, आपणच असतो.

गतिरोधकाबद्दल मला थोडे विरोधात बोलावे लागेल. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचा नाही, असे केंद्राचे धोरण आहे, त्यामुळे दगडाचा माथा पिवळा निघाला तर ती मागणी सोडून द्यावी आणि रंबल पट्ट्या (चाकाखाली खडखडणाऱ्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या), शाळेचे इशाराफलक, वेगमर्यादेचे फलक, लुकलुकणारा पिवळा दिवा, सर्व्हिस रस्ता किंवा भुयारी मार्ग यांबद्दल बोलावे. इतर रस्त्यांवर गतिरोधक मिळू शकतो, पण तो मापाचा असावा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतील गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ च्या आसपास वेगाने गाडी त्यावरून धक्का न बसता जाते आणि त्याहून वेगाने गेली तर चालकाला शिक्षा मिळते. आपल्या गावांत रातोरात घातले जातात ते हातभर रुंदीचे, गुडघ्याला लागतील असे उंचवटे.

अशा एका उंचवट्याला नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः होकार दिला होता. गावकऱ्यांचा आग्रह होता, रंगाचे काम पुढच्या आठवड्यात करू असे ठरले आणि फलक लावायचा राहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडे निघालेला एक माणूस त्यावरून उडाला आणि त्याचा खांदा निखळला. सकाळी मी पोहोचलो तेव्हा डांबरावर दूध पसरलेले होते आणि शाळेची मुले त्याच्या कडेकडेने चालली होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: आधी इशाराफलक, मग रंग आणि रात्री चमकणारे कॅट आय, पथदिवा पेटतो की नाही याची हेस्कॉमकडून, म्हणजे वीज कंपनीकडून, खात्री, आणि हे सर्व एकाच अंदाजपत्रकात नसेल तर गतिरोधक नको.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागांत, आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला भरलेला ट्रॅक्टर उभ्या उंचवट्यावर आदळला की ऊस खाली सांडतो आणि तो उचलायला मुले धावतात. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याची सवय तर आपण सर्वांनी लहानपणी केलेली आहे. शाळेच्या फाटकासमोर ट्रॉलीचा वेग अगदी मंद झाला की हा खेळ तेथेच सुरू होतो. म्हणून या पट्ट्यात गतिरोधक फाटकासमोर न घेता झेब्रा पट्ट्यांच्या थोडा अलीकडे घ्यावा आणि हंगाम सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांशी या एकाच विषयावर बोलावे.

येथवरचे सार एवढेच की रस्ता कोणाचा ते कळले, वेग मोजला आणि जागा एक ठरली. आता माणसाकडे येऊ.

परदेशांत शाळेसमोर हातात ‘थांबा’ असा गोल फलक घेऊन उभा राहणारा पगारी माणूस असतो, तसे पद आपल्या व्यवस्थेत नाही. आपल्याकडे चार वाटा आहेत. रहदारी पोलीस शहरातील मोठ्या चौकांना मिळतात. गावच्या शाळेला रोज दोन वेळा शिपाई देणे ठाण्याच्या मनुष्यबळात बसत नाही, हे ठाणे प्रमुख तोंडी मान्य करतील, लेखी देणार नाहीत. आठवड्यातून दोन दिवस गस्तीची गाडी शाळा सुटण्याच्या वेळी तेथे उभी राहील एवढी मागणी केली, तर ती बहुतेक मान्य होते. दुसरी वाट होमगार्डची. ते मिळतात, परंतु त्यांचा दिवसभत्ता कोणत्या निधीतून द्यायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तिसरी वाट म्हणजे ग्राम पंचायतीने आपल्या ठरावाने मानधनावर माणूस नेमणे, आणि चौथी म्हणजे शिक्षक व पालकांनी पाळीपाळीने उभे राहणे. आपल्यासारख्या गावांत मला तिसरी आणि चौथी यांची जोड सर्वांत टिकलेली दिसली आहे. शिक्षकांवरच सारे टाकू नये. निवडणूक, गणती, प्रशिक्षण यांत ते आधीच अर्धे बाहेर असतात.

पोलीस नसलेल्या माणसाला वाहन अडवण्याचा अधिकार नाही, हे स्पष्टपणे समजून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या ११९ व्या कलमाप्रमाणे चालकाने वाहतूक चिन्हे आणि रहदारी नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचे आदेश पाळायचे असतात. आपल्या स्वयंसेवकाचा त्यात समावेश नाही. मात्र झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे वाहन चालवण्याची २०१७ ची नियमावली सांगते, म्हणून रंगवलेले पट्टे नसलेल्या जागी माणूस उभा करणे मला मान्य नाही. मी स्वयंसेवकांना शिकवतो ते असे की आपण गाडी अडवायला उभे नाही, मुले अडवायला उभे आहोत. त्याने चमकते जाकीट घालून कडेला, मुलांच्या पुढे, हात आडवा धरून उभे राहायचे. दहा-बारा मुले जमेपर्यंत थांबायचे. दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्या की आधी स्वतः रस्त्याच्या मध्यापर्यंत जायचे, फलक वर धरायचा, मग मुलांना हाक मारायची आणि शेवटचे मूल पलीकडे पोहोचेपर्यंत मधून हलायचे नाही. एखाद्या ट्रकवाल्याने मान्य केले नाही तर हुज्जत घालायची नाही. क्रमांक लिहून ठेवायचा. ठाण्यातील कोणी हवालदार एक दिवस येऊन हे करून दाखवील, अशी विनंती निवेदनात अवश्य करावी. ती फुकट असते आणि पोलिसांना शाळेशी जोडून ठेवते.

कागदांचा क्रम असा ठेवावा. प्रथम शाळा सुधारणा समितीचा ठराव घ्यावा आणि त्याला मोजणीचा तक्ता व हाताने काढलेला नकाशा जोडावा. नकाशात किलोमीटरच्या दगडापासून फाटकाचे अंतर असावे, कारण अभियंत्याला गावाचे नाव लागत नाही, साखळी अंतर, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासून मोजलेले अंतर, लागते. त्यावर दोन वेगळी निवेदने करावीत: रस्त्याच्या मालकाकडे फक्त पट्टे, फलक, गतिरोधक किंवा रंबल यांचे, पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे फक्त गस्त, वेगतपासणी आणि प्रशिक्षण यांचे. दोन्हींची प्रत क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे बीईओंना, आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, द्यावी. कर्नाटकात ग्राम पंचायतींनी वर्षातून एकदा मुलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची असते. तेथे सहावी-सातवीतील एका मुलीने उभे राहून ‘मला रोज रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागते’ एवढेच सांगितले, की ते इतिवृत्तात येते, आणि इतिवृत्तात आलेल्या मागणीचे काय केले ते पीडीओंना पुढच्या वर्षी सांगावे लागते.

खाते हलले नाही तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जावे. मोटार वाहन कायद्याच्या २१५ व्या कलमात तिची तरतूद आहे, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, बांधकाम, परिवहन ही सर्व खाती एकाच टेबलाभोवती बसतात. ‘हे आमचे काम नाही’ असे म्हणायला तेथे जागा उरत नाही. विषय बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्यावा, एवढीच विनंती एका पानात करावी. कायद्यात २०१९ साली आलेले १९८अ कलमही आहे, ज्यात रस्त्याच्या रचनेतील किंवा देखभालीतील कसुरीमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या निवेदनात त्याचा उल्लेख करू नये. धमकी दिली की समोरचा माणूस मदत करायचे सोडून स्वतःला वाचवू लागतो. तिसऱ्या स्मरणपत्रात मात्र ते एक वाक्य असू द्यावे.

भाषेबद्दल आपण विचारलेले नाही, पण सीमाभागात ती बाजूला ठेवता येत नाही. जेथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे त्यांच्या भाषेतून कागदपत्रे मिळावीत, हे तत्त्व मान्य झालेले आहे आणि त्यासाठी भांडणे योग्यच आहे. तथापि ती लढाई मी मुलांच्या रस्त्याच्या फायलीवर लढत नाही. मूळ ठराव मराठीत ठेवतो आणि निवेदन कन्नडमध्ये करून ठराव त्याला जोडतो. गावातील एखादे कन्नड शिक्षक तासाभरात भाषांतर करून देतात. एकाच आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन शाळा असतील, तर दोन्ही समित्यांच्या सह्या एकाच निवेदनावर घ्याव्यात. अशी फाईल ज्या वेगाने पुढे सरकते, तो वेग मी दुसऱ्या कशाने आलेला पाहिलेला नाही.

प्रत्येक निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये. आपल्या पहिल्या दोन निवेदनांची पोच नसेल, तर ती दिलीच नव्हती असे समजून नव्याने सुरुवात करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही तर १९०२ या राज्य शासनाच्या तक्रार क्रमांकावर नोंद करावी आणि सोबत माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज द्यावा. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, म्हणून गाऱ्हाणे लिहू नये. ‘अमुक आवक क्रमांकाच्या निवेदनावर आजवर झालेली कार्यवाही व टिप्पणीची प्रत’ एवढेच मागावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

वेळ साधणेही महत्त्वाचे आहे. पट्टे रंगवण्याची मागणी मे महिन्यात मान्य झाली तर आनंद मानू नये. खानापूरच्या बाजूच्या पावसात साधा रंग दोन महिन्यांत धुऊन जातो. काम पाऊस सरल्यावर आणि थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून लावायच्या जाड, रंगात करावे, असे निवेदनातच लिहावे. हिवाळ्यात बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा आसपासच्या ठाण्यांतील पोलीस बंदोबस्ताला जातात, आणि ऊस वाहतूकही त्याच दिवसांत भरात असते. त्या दोन आठवड्यांत गस्तीची गाडी येणार नाही हे गृहीत धरून पालकांच्या पाळ्या आधीच लावून ठेवाव्यात.

किलोमीटरच्या दगडाचा रंग, त्यावरील आकडा आणि दोन दिवसांच्या मोजणीचा तक्ता मला कळवलात, तर निवेदनाचा मसुदा करून देईन. मोजायला बसताना मात्र सोबत वही धरणारे दुसरे माणूस घ्यावे. एकट्याने घड्याळ आणि पेन दोन्ही सांभाळता येत नाही.